चांगला पत्रा लागेपर्यंत

कोकणात लोखंड हे पाहुणं असतं. येतं, चार पावसाळे राहतं आणि मातीत मिसळून जातं. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण इथली माती त्याच्या नात्यातलीच आहे. ज्या जांभ्या दगडाची आम्ही घरं, गडगे आणि विहिरी बांधतो, त्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. सरळ सांगायचं तर गंजाचा. फ्रान्सिस बुकानन नावाच्या साहेबाने १८०७ साली छापलेल्या आपल्या दक्षिणेतल्या प्रवासाच्या ग्रंथात या दगडाला 'लॅटेराइट' हे नाव दिलं. मलबारात त्याने पाहिलं, की हा दगड खाणीत असताना मऊ असतो, लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि बाहेर काढून हवेवर ठेवला की टणक होतो. साहेबाला याचं मोठं अप्रूप वाटलं. आमच्या पिकअपचं वागणं याच्या बरोबर उलट आहे. आली तेव्हा टणक होती. हवेवर ठेवली आणि मऊ होत गेली.

गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. गंज कंपनी बघून लागत नाही, आणि रत्नागिरीच्या आसपास सगळ्याच कंपन्यांच्या गाड्या शेवटी एकाच रंगाच्या होतात. आमची मूळची पांढरी. थोरल्या भावाने हौसेने घेतली, पुतण्या चालवतो आणि कागदावर ती माझ्या नावाने आहे. म्हणजे भाडं त्याचं, डिझेल त्याचं आणि 'काका, जरा बघता का' एवढं माझं.

एप्रिल-मेमध्ये ती आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीच्या बाजारात जाते. उरलेल्या दिवसांत मिरकरवाडा बंदरावरून मासळी वाहते. हे दोन्ही धंदे तिला जाताना काहीतरी देऊन जातात. आंबा पेंढा देतो. तो हौद्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो आणि पाणी वाहून जायची भोकं बुजवतो. मासळी पाणी देते, बर्फाचं आणि तेही खारट. एकाने दार लावायचं आणि दुसऱ्याने आत कोंडून घ्यायचं, असा त्यांचा आपसांत करार आहे. लोखंड गंजायला हवा आणि पाणी या दोनच गोष्टी लागतात. मीठ आपलं चवीपुरतं. पण ते पडलं की पाण्यातून वीज झटकन वाहते आणि जे काम सरकारी वेगाने व्हायचं ते खाजगी वेगाने होतं.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण माझी अख्खी नोकरी गंजावर झाली. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. तीन परीक्षानळ्या, तीन खिळे. एका नळीत साधं पाणी, दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कोरडी हवा आणि कॅल्शियम क्लोराइड. पहिल्या नळीतला खिळा गंजला की माझा धडा यशस्वी. गुण कापण्याबद्दल मी पंचक्रोशीत प्रसिद्ध होतो. गंजाच्या सूत्रात नुसतं लोखंड आणि ऑक्सिजन लिहून पाणी विसरलेल्या पोरांचा मी अर्धा गुण कापत असे. काही पोरं अजूनही बाजारात मला पाहून रस्ता ओलांडतात, ती त्या अर्ध्या गुणामुळेच.

तर सुरुवात मागच्या चाकावरच्या मडगार्डाच्या किनारीला झाली. रंगाखाली हरभऱ्याएवढा फोड आला. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळच्या दुपटीहून जास्त जागा लागते. ती जागा तो रंगाला वर ढकलून करून घेतो. फोड दिसला याचा अर्थ गंज आता लागला असा नसतो. आत तो कधीचाच संसार थाटून बसलेला असतो आणि आता त्याला जागा पुरेनाशी झालेली असते. कारण गाडीचा पत्रा गंजतो तो बहुधा आतून बाहेर. मडगार्डाच्या दुमडलेल्या किनारीत चिखल बसतो, दाराच्या तळाशी पाणी साचतं, काचेच्या रबराखाली ओल धरते, केबिनमधल्या मॅटखाली तर विचारूच नये. जिथे आपण फडकं मारतो तिथे गंज येत नाही. तो फडक्याच्या पलीकडे राहतो.

अशा फोडावर उपाय करणाऱ्यांचे आपल्याकडे दोन पंथ आहेत. पहिला लांबी पंथ. हा फार लोकप्रिय आहे. महामार्गालगतच्या एका पेंटरकडे पुतण्या गाडी घेऊन गेला. त्याने फोड घासला, खालून भोक निघालं, भोकात जाळी बसवली, लांबीत हार्डनर कालवला आणि ती पात्याने फर्रकन ओढली. दहा-पंधरा मिनिटांत दगड. मग पॉलिशपेपर, प्रायमर, रंग. संध्याकाळी गाडी दारात उभी राहिली तेव्हा मडगार्डात आकाश दिसत होतं. बायको कौतुकाने म्हणाली, "बघा, किती स्वस्तात झालं." आतल्या बाजूला ओल होती तशी होती, हवा होती तशी होती, मीठ होतंच. फक्त आता कुणी बघणारं उरलं नव्हतं. गंजाला एकांत मिळाला.

लांबी पंथाला राजाश्रय पासिंगचा आहे. मालवाहू गाडी ८ वर्षांची झाली, की तिला दरवर्षी आरटीओकडे जाऊन आपण धडधाकट असल्याचा दाखला आणावा लागतो. त्यामुळे आमच्या भागात गाडी वर्षातून एकदा नवरी होते. रंग, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या, नंबरप्लेटवर पुन्हा गिरवलेले आकडे, सगळं नवं. लांबीचं आयुष्यही या हिशेबाने ठरलेलं: एका पासिंगपासून दुसऱ्या पासिंगपर्यंत. आमच्या मडगार्डावर असे थरावर थर चढले. पांढरा, तांबडा, लांबी, पुन्हा पांढरा. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात आमच्या घराण्याचा आर्थिक इतिहास वाचता आला असता. पुतण्याने एकदा फ्रीजवरचं लोहचुंबक आणून लावून पाहिलं. ते कुठेच चिकटेना. "काका, गाडी हलकी झालीय," तो आनंदाने म्हणाला, "ॲव्हरेज वाढेल."

शेवटी हातखंब्याजवळच्या एका खड्ड्यात हा इतिहास खाली पडला. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याने तो उचलून पुतण्याच्या हातात दिला, "भाऊ, तुमचं काहीतरी सांडलं." घरी मी तो तुकडा दाबून पाहिला, तर तळलेल्या कुरडईसारखा त्याचा चुरा झाला. त्या दिवशी आम्ही दुसऱ्या पंथात गेलो.

दुसरा पंथ कापाकापीचा. आमच्या भागातले त्याचे आचार्य म्हणजे चाचा. वय सत्तरीकडे, डोळ्यांवर जाड चष्मा, त्यावर वेल्डिंगचा काळा चष्मा, आणि बोलणं कमी. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. हातात छोटी हातोडी होती.

टण.

"सर, हा पत्रा."

दोन बोटं पुढे सरकले. ठप.

"ही लांबी."

आणखी पुढे. या वेळी आवाजच आला नाही. हातोडी आत गेली होती.

"ही हवा."

मी विचारलं, "मग कुठपर्यंत कापावं लागेल?"

"चांगला पत्रा लागेपर्यंत."

हे वाक्य ऐकायला सोपं वाटतं. दुपारपर्यंत त्याची खोली कळली. चाचांनी मडगार्डाची किनार कापली. पुढे चांगला पत्रा लागेना. वीतभर वर गेले. तिथे वरून चांगला, खालून जाळी. मग दाराखालची पेटी उघडली. तिच्यात पेंढा, वाळू, एक पाच रुपयांचं नाणं आणि बोंबलाचं डोकं निघालं. तिथून गंजाचा माग काढत ते केबिनमध्ये शिरले आणि त्यांनी मॅट उचलली. खाली चाचांच्या आवारातली कोंबडी दिसली. ती वर बघत होती.

बायको त्या वेळी डबा घेऊन आली होती. तिने वाकून पाहिलं. "म्हणजे इतकी वर्षं मी पाय कशावर ठेवून बसत होते?"

"मॅटवर, वहिनी," चाचा म्हणाले.

मला वाटतं, चांगला पत्रा शोधण्याची ही रीत माणसांनी फार जपून वापरावी. गाडीत ती चालते. सोसायटीच्या हिशेबात, जमिनीच्या सातबाऱ्यात किंवा भाऊबंदकीत कुणी हातोडी घेऊन टकटक करू लागला तर गावात उभं काय राहील? तिथे आपण सगळेच लांबी पंथाचे. म्हणूनच कदाचित देवळाच्या सभेत चाचांना कुणी बोलावत नाही. परगावचे आहेत असं कारण सांगतात, पण खरं कारण ती हातोडी.

या सगळ्याला मुहूर्त कोणता होता, तेही सांगायला हवं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. आंबाही संपलेला असतो. म्हणजे पिकअपला सवड मिळते ती नेमकी भर पावसात. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराच याच दोन महिन्यांत. जेव्हा हवा कोरडी, ऊन लख्ख आणि पत्रा रंगवायला आदर्श दिवस असतात, तेव्हा गाडीला श्वास घ्यायला फुरसत नसते. जेव्हा हवेतच पाणी असतं आणि घासलेल्या पत्र्यावर डोळ्यांदेखत तांबूस झाक येते, तेव्हा सगळी कोकणपट्टी आपापल्या गाड्यांचा गंज काढायला बसते. चाचांच्या शेडमध्ये जूनमध्ये नंबर लागत नाही. गंजाइतका वेळापत्रकाचा पक्का धंदेवाईक मी दुसरा पाहिला नाही.

याच मुहूर्तावर पुण्याहून मेहुणा आला. तो हिशेबनीस आहे. आकड्यांवर त्याची श्रद्धा आहे. "भावोजी, विकून टाका," हे त्याचं पहिलं वाक्य. ते कुणी ऐकलं नाही तेव्हा दुसरं, "दिल्लीचा लोहस्तंभ बघा. सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे." मी म्हटलं, "त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे, त्याने पृष्ठभागावर एक रक्षक थर धरला, शिवाय दिल्लीची हवा बरीच कोरडी. आणि मुख्य म्हणजे त्या स्तंभाने एकदाही मासळी वाहिलेली नाही." मग त्याने जस्ताचा विषय काढला. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा ओरखडला तरी गंजत नाही, कारण आधी जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. हे तत्त्व खरं आहे. १८२४ साली हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाला असलेलं तांबं अशाच बळी जाणाऱ्या धातूचे तुकडे लावून वाचवलं होतं. तांबं वाचलं, पण विरघळणाऱ्या तांब्याला बिचकून दूर राहणारे समुद्रातले जीव आता बिनघोर तळाला चिकटले आणि जहाजं मंदावली. मी ही गोष्ट रंगवून सांगितली. मेहुण्याने विचारलं, "मग खर्च किती आला?" डेव्हीचं बिल मला माहीत नव्हतं, त्यामुळे चर्चा तिथेच संपली.

पत्रा किती जाड घ्यायचा यावर मात्र त्याने हट्ट धरला. दुकानदाराने विचारलं, "१८ गेज, २० गेज की २२?" मेहुणा ठामपणे म्हणाला, "२२. जरा जास्तच असू दे." गेजचा आकडा जसा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे त्याला हिशेबनीस म्हणून अन्यायाचं वाटलं. पुतण्याला उलट १६ गेजचाच हवा होता, म्हणजे दीड मिलिमीटरच्या वरचा, 'एकदाच काय ते.' चाचांनी दोघांनाही बाहेर बसवलं. हौद्याला जाड, केबिनला २० गेज. जाड पत्र्याला पातळ पत्रा जोडला तर जाड काही हलत नाही, हादरा सगळा जोडाच्या कडेला बसतो आणि पातळ फाटतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माझ्या बायकोने या ठिकाणी मान डोलावली.

दार मात्र दुरुस्तीच्या पलीकडे गेलं होतं. नव्या दाराचे तीन मार्ग असतात. कंपनीचं, जे बरोबर बसतं पण किंमत ऐकून आपण बसतो. लोकल, जे स्वस्त असतं पण बसत नाही. आणि घाटावरचं जुनं. घाटावरच्या गाड्यांना इथे मान आहे, कारण त्यांनी समुद्र पाहिलेला नसतो. कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून एक दार आलं. पत्रा सुरेख, टण वाजणारा. रंग निळा. त्यावर पिवळ्या अक्षरांत 'आबांची कृपा'. आमच्या दुसऱ्या दारावर 'आईचा आशीर्वाद' होता. पुतण्याला हे पूरक वाटलं. माझी वहिनी म्हणाली, "आबा कोण?" पंधरवडाभर आमच्या घरात या परक्या आबांवरून बोलणी चालली. शेवटी रंगाखाली त्यांना विश्रांती देण्याचं ठरलं.

वेल्डिंग बघायला मी रोज जात असे. चाचांनी आधी बॅटरीची तार काढली, डिझेलची टाकी उतरवली, मग टाके मारले. एक इथे, दुसरा वीतभर दूर, तिसरा पुन्हा पहिल्याच्या शेजारी. सलग मारत गेलं तर उष्णतेने पत्रा उड्या मारतो. एक तुकडा दुसऱ्यावर चढवून जोडणं त्यांना मान्य नव्हतं. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी धरतं, तेव्हा काठाला काठ भिडवूनच जोडायचं. सगळं झाल्यावर पुतण्याने दाराच्या तळाची भोकं लांबीने बुजवायला घेतली, 'पाणी आत जायला नको म्हणून'. चाचांनी त्याचा हात धरला.

"आत वरून जातं रे. ही बाहेर यायची वाट हाय. गाडी भोकाने नाय मरत, भोक बुजल्याने मरते."

मी इतकी वर्षं फळ्यासमोर उभा राहून इतकं चांगलं वाक्य बोललो नव्हतो.

मग रेड ऑक्साइड. पेंटरने डबा उघडला आणि आमचा पांढरा पुतळा दोन तासांत जांभ्याच्या रंगाचा झाला. इथे मला हसू आवरेना. या प्रायमरचा तांबडा रंग कशाचा? लोहाच्या ऑक्साइडचाच. आठवडाभर ग्राइंडर लावून, ठिणग्या उडवून, पैसे मोजून जो पदार्थ आम्ही गाडीवरून काढला, त्याचाच भाऊ पैसे मोजून डब्यातून आणला आणि ब्रशने पुन्हा लावला. फरक एवढाच की हा आधीच गंजून शांत झालेला आहे. आता याला आणखी काही गंजायचं नाही. घराण्यातल्या एका व्यसनी माणसाला आवरायला दुसरा, निवृत्त व्यसनी नेमावा, असा तो प्रकार. पण रसायनशास्त्राला असलं सगळं चालतं.

पांढरा रंग लावायच्या दिवशी अर्थातच मुसळधार पाऊस. हवेतली ओल रंगावर बसली आणि पांढरा धुरकट पडला. पेंटर म्हणाला, "मॅट फिनिश, सर. आता फॅशनच हाय." खालून चॅसिसला जळकं ऑइल आणि डिझेल मारलं. हा किनाऱ्यावरचा खानदानी उपाय. गंज थांबवतो आणि अंगण कायमचं काळं करतो. तुळशीजवळ गाडी लावायला तेव्हापासून बंदी आहे. पासिंग झालं. तपासणाऱ्या साहेबांनी गाडीला फेरी मारली, दार उघडझाप करून पाहिलं आणि म्हणाले, "बरी ठेवलीय." ज्या वर्षी गाडीत लांबीचा ठिपका नव्हता त्याच वर्षी त्यांनी पत्र्यावर बोट वाजवून पाहिलं नाही. आम्ही वाट बघत होतो.

राहिला होता तो ढीग. मडगार्ड, फरशी, पेट्या, जुनं दार, सगळा कापलेला गंजका पत्रा शेडच्या मागे पडला होता. चाचांनी भंगारवाल्याला निरोप दिला. टेम्पोतून एक चाळिशीचा गृहस्थ उतरला आणि माझ्या पाया पडला. माझाच विद्यार्थी. त्याने लांबी ठोकून काढली, काटा लावला, वजन केलं, आकडा लिहिला आणि त्यातून सरळ तीस टक्के कापले.

"हे कसले रे?"

"ऑक्सिजनचे, सर. १६० भाग गंजात ४८ भाग ऑक्सिजन. तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं, गंजताना वजन वाढतं म्हणून. वाढलेलं वजन लोखंडाचं नाय. मी लोखंड घेतो."

"अरे, पण हा सगळाच काही गंज नाही. यात चांगला पत्राही आहे."

"हाय ना. म्हणूनच मी पाणी धरलं नाय. गंजात पाणी पण असतं, सर. ते विसरलो होतो तेव्हा तुम्ही माझा अर्धा गुण कापला होता."

त्याने नोटा मोजून माझ्या हातात ठेवल्या. मी हिशेब मनात पुन्हा करून पाहिला. उत्तर सूत्रासकट बरोबर होतं. गुण कापायला कुठेच जागा नव्हती. वजन कापायला मात्र होती, आणि ते त्याने कापलंच.